बसण्याची वर्जिश

लहानपणी मला बसता येत नव्हतं. हे वाक्य ऐकून लोक हसतात, म्हणून आधीच सांगते, हसू नका. चालता न येणारी मुलं सगळ्यांनी पाहिलेली असतात आणि त्यांची कीव कशी करायची तेही लोकांना ठाऊक असतं. बसता न येणारी मुलगी मात्र कुणाच्या लवकर ध्यानात येत नाही. भिंतीला टेकवून ठेवलं की मी ठीक असे. भिंत सुटली की दोन्ही हात जमिनीला टेकवावे लागत, आणि त्यातला एक जरी उचलला तरी मी आडवी होई. पाय ताठ, कंबर ढिली आणि मान स्वतःच्या मर्जीची. आता अशा मुलांच्या दुखण्याला डॉक्टरांकडे मोठमोठी नावं आहेत. तेव्हा आमच्या बोरी गावात एकच नाव होतं, पांगळी, आणि ते माझ्या खऱ्या नावापेक्षा जास्त वापरात होतं.

आमचं किराणा दुकान होतं आणि जोडीला सरकीचा थोडाफार व्यापार. घर लिंगायतांचं. आमच्यात ज्याचं इष्टलिंग त्याचं असतं. जन्मानंतर जंगम स्वामी येऊन ते बांधतात आणि पूजेची वेळ सोडली तर माणूस मरेपर्यंत ते गळ्यातून उतरत नाही. सकाळी अंघोळ करायची, मांडी घालून बसायचं, लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, त्याला पाणी घालायचं, भस्म लावायचं, बेलाचं पान वाहायचं आणि त्याच्याकडे टक लावून पाहत राहायचं. हे झाल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. मूल लहान असेपर्यंत त्याची पूजा आई करते. थोडं जाणतं झालं की स्वामी दीक्षा देतात आणि मग ज्याचं तो करू लागतो.

माझ्या बरोबरीच्या मुलींची दीक्षा झाली. माझ्यापेक्षा लहान असलेल्या चुलत बहिणीची झाली, आणि ती मला रोज सकाळी आपला ओला तळहात मुद्दाम दाखवायला येई. माझे दोन्ही हात जमिनीला खिळलेले. तळहात मोकळा आणायचा कुठून? आई आधी स्वतःची पूजा करी, मग माझ्या गळ्यातलं लिंग काढून आपल्याच तळहातावर घेई आणि माझी पूजा करी. माझी पूजा होईपर्यंत ती पाण्याचा थेंब घेत नसे. मी भिंतीला टेकून बघत राही.

मला पळायचं नव्हतं, खेळायचं नव्हतं, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगे. ती थाप होती. पण एक गोष्ट सगळ्यात आधी हवी होती, आणि ती म्हणजे माझं लिंग माझ्या हातावर. ते हातातून पडणं म्हणजे प्राण पडल्यासारखं मानत. त्यामुळे माझ्या हातावर ते ठेवायला स्वामी धजत नसत. "बसाया येऊ द्या पोरीला, मग बघू," एवढंच म्हणून ते पुढच्या गावाला जात. चुलती एकदा म्हणाली, मागून कुणीतरी धरून बसवा की. मी म्हणाले, "मग धरणाऱ्याचीच दीक्षा करा!" तोंड तेवढं माझं कधीच लंगडं नव्हतं.

उपाय पुष्कळ झाले. तेलं चोळून झाली, लेप लावून झाले, अंगारे झाले, कुणाची नजर लागली याचा शोध घेऊन झाला. त्या शोधात गल्लीतल्या दोन बायकांशी आमचं बोलणं बंद झालं, एवढाच त्याचा गुण आला. शेवटी अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दमणी जुंपली. दमणी म्हणजे माणसं बसायची हलकी बैलगाडी. तिच्यात गवत, गवतावर गोधडी, गोधडीवर आईची मांडी आणि त्या मांडीत मी, अशी आमची वरात परभणीच्या सरकारी दवाखान्यात निघाली.

दवाखान्यात हैदराबादहून बदलून आलेले एक डॉक्टरसाहेब होते. राज्य निजामाचं, कचेरी-दवाखान्याची भाषा उर्दू. अप्पांना बाजाराची दखनी येत होती. भाव करता येई, भांडता येई, गिऱ्हाइकाला चार गोड शब्द बोलता येत. डॉक्टरसाहेबांची उर्दू मात्र इस्त्री केलेली होती. त्यांनी मला लाकडी मेजावर बसवलं, पाय वाकवून पाहिले, कंबरेला हात लावून पाहिलं, आणि मी कलंडले की सावरून पुन्हा बसवलं. एकदाही ओरडले नाहीत. माझ्याशी थेट बोलले, आईवडिलांमार्फत नाही, हे मला त्या वयातही जाणवलं. मग त्यांनी अप्पांना सांगितलं, "दवा कुछ नहीं है इसकी. बैठने की वर्जिश, खड़े होने की वर्जिश. रोज. एक दिन नागा नहीं होना."

अप्पांनी मान डोलावली आणि आईला मराठीत समजावलं, "औषध काय न्हाई म्हणायलेत. बसणं वर्ज, उभं ऱ्हाणं वर्ज. रोज पाळायचं. एक दिस बी खाडा न्हाई."

आई म्हणाली, "अवो, पण कुठवर?"

अप्पांनी विचारलं. डॉक्टरसाहेब म्हणाले, "जब तक ताकत न आए."

"अंगात ताकद येस्तोवर," अप्पा म्हणाले. आईला ते पटलं. मलाही पटलं. मांसमच्छी वर्ज, कांदा-लसूण वर्ज, तसं बसणं वर्ज. आमच्या घरात वर्ज हा रोजचा शब्द होता. वर्जिश म्हणजे व्यायाम, हे आमच्या बापजाद्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं. व्यायामाला आम्ही कसरत म्हणायचो, आणि ती तालमीतल्या पोरांनी करायची असायची.

अशा रीतीने डॉक्टरांचा सल्ला तंतोतंत पाळून मला आडवं पाडण्यात आलं. अप्पांनी नवीन बाज विणून घेतली. आई भरवायची तेही निजवून. भिंतीला टेकून जे थोडं जग दिसायचं, दुकानातली गिऱ्हाइकं, तराजू, रस्त्यावरची गुरं, तेही बंद झालं. मला दिसायचं ते माळवदाचं छत, आणि त्या छतात बघण्यासारखं काही नव्हतं. मी कुरकुरले की आई म्हणायची, "बाई माझे, साहेबानी सांगितलंय. ताकद येऊ दे." मी ताकदीची वाट बघायची आणि ताकद रोज थोडी थोडी निघून जायची. पावसाळा संपला, ज्वारी पोटऱ्यात आली, ती निघालीसुद्धा. तोवर मला भिंतीला टेकवलं तरी बसता येईना. माझी मान एका बाजूला पडायला लागली तेव्हा आई घाबरली. पुन्हा दमणी निघाली.

तो दुसऱ्या भेटीचा प्रसंग अप्पा पुढे स्वतःच सांगत, आणि सांगताना हसत. मी तिथे मेजावर निजलेलीच होते, तेव्हा सगळं ऐकलेलं आहे.

डॉक्टरसाहेबांनी विचारलं, "वर्जिश कराए?"

अप्पा छाती काढून म्हणाले, "हौ साब. पूरा वर्ज किए."

"रोज?"

"रोज साब. एक दिन बी नागा नहीं."

साहेबांचा चेहरा खुलला. त्यांनी माझा पाय उचलला, पोटरीवर बोटं फिरवली, आणि तो खुललेला चेहरा पुन्हा मिटला. "फिर ये पाँव ऐसे कैसे? करते क्या थे, बताओ."

"लिटाके रखे साब. बैठना वर्ज. खड़ा होना वर्ज. बच्ची रोती थी, पर हम उठने नहीं दिए."

साहेबांनी माझा पाय हळूच मेजावर ठेवला. मग मराठी जाणणाऱ्या कंपाउंडरला त्यांनी हाक मारली आणि हळू आवाजात विचारलं, की यांच्या बोलीत वर्ज म्हणजे काय. कंपाउंडरने सांगितलं, आणि आमच्याकडे वळून वर्जिश म्हणजे कसरत हेही सांगितलं. सगळ्यात आधी आईला कळलं. तिने पदर तोंडाला लावला आणि मटकन खालीच बसली. अप्पा तिथेच उभे होते, टोपी हातात घेऊन, आणि ज्या माणसाला भर बाजारात कुणी फसवू शकत नव्हतं त्याला एका शब्दाने फसवलं होतं. ध चा मा झाला होता, आणि माझ्या पायांतलं होतं नव्हतं ते बळ त्यात गेलं होतं.

दुसरा एखादा डॉक्टर असता तर बरसला असता. गावंढळ म्हणाला असता, निघा म्हणाला असता, आणि आम्ही निघालोही असतो. साहेब आईजवळ गेले आणि म्हणाले, "गलती मेरी है, माँ. मुझे कसरत कहना था." पुढे कंपाउंडरला मध्ये घेऊन त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं, आणि सांगून थांबले नाहीत, करून दाखवलं. मला मेजावर बसवून आपले हात माझ्या दोन्ही कुशींजवळ धरले, पण टेकवले नाहीत. मग एका बोटाने मला उजवीकडे जरासं ढकललं. मी पडायला लागले. त्यांनी लगेच धरलं नाही. पडता पडता माझ्या अंगाने आपण होऊन काहीतरी धडपड केली, तेव्हा त्यांनी धरलं. "देखा? बदन खुद सीखता है. गिरने दो. हाथ पास रखो, मगर लगाओ मत." कडक जमिनीवर नाही, हलणाऱ्या, दबणाऱ्या कशावर तरी बसवा, म्हणाले. आणि हातांना काम द्या, नाहीतर ते जमिनीकडे पळणारच.

त्या माणसाचं नाव मला कधीच कळलं नाही. आमच्या घरात ते शेवटपर्यंत डॉक्टरसाहेबच राहिले. पुढे त्यांची बदली झाली. त्याच्याही पुढे आमच्या मुलखात फार वाईट दिवस आले, भाषेवरून, टोपीवरून माणसं एकमेकांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागली. माझ्या आईसमोर मात्र कुणी साहेबांच्या समाजाबद्दल, मुसलमानांबद्दल, सरसकट वाईट बोललेलं तिने कधी ऐकून घेतलं नाही. माझी मोठमोठ्या डॉक्टरांशी पुढे गाठ पडली. चुकलं तर रोग्याच्या आईसमोर माझं चुकलं म्हणणारा दुसरा मला भेटला नाही. बाकीचे त्यांच्या पासंगालाही पुरणार नाहीत.

हलणारं, दबणारं आमच्या घरी काय होतं? सरकी होती. कापसातून निघालेली बी, पोत्यांनी भरलेली. अप्पांनी एक पोतं अर्ध्याच्या वर रिकामं केलं, तोंड शिवलं, दुकानामागच्या खोलीत चहूबाजूंनी बारदान अंथरलं आणि मला त्या पोत्यावर बसवलं. सरकीचं पोतं दिसायला गरीब असतं. बसलं की कळतं. जिकडे भार द्याल तिकडची सरकी सटकते आणि तुम्ही तिच्यामागे जाता. मी उजवीकडे पडले, डावीकडे पडले, मागे पडले, पुढे तोंडावर पडले. पडून पडून बारदानाचा वास नाकात बसला. आई शेजारी दोन्ही हात पुढे करून बसलेली असे, बोटभर अंतर ठेवून. धरायचं नाही. मुलगी पडते आहे आणि धरायचं नाही. ती ओठ चावून बसे. मी तिला नको नको ते बोलले आहे. दगडाच्या काळजाची म्हणाले, सावत्र आहेस म्हणाले. ती म्हणायची, "हाय सावत्र. बस सरळ."

शेजारणीही ऐकवायच्या. एक जण दारातूनच म्हणाली, "पोरीला ढकलायलीस का गं? माय हायस का कोण?"

आई तिच्याकडे न बघता म्हणाली, "तुमी पोर मांडीवर घेऊन बसा तुमची. माझीला बसाया शिकवायलेय मी."

हातांना काम म्हणून आईने माझ्या ओच्यात भुईमुगाच्या शेंगा टाकल्या. यात तिची चलाखी होती. मी हावरट आहे, हे तिला जन्मापासून ठाऊक होतं. शेंग फोडायला दोन्ही हात लागतात. एका हाताने फोडली तरी दाणा घरंगळतो आणि मग तो आपला राहत नाही, कारण पडलेला दाणा माझ्या भावाचा, असा घरात कायदा झाला होता. तेव्हा दाणा हवा तर हात वर, आणि हात वर तर कंबर सांभाळ. किती शेंगा भावाने खाल्ल्या त्याला गणती नाही. तो त्या दिवसांत चांगला अंगाने भरला, असं आई म्हणायची.

अप्पा दुकानात गिऱ्हाईक नसलं की मागे डोकावत. त्यांचं आपलं एक तंत्र होतं. ते येता जाता माझ्या खांद्याला एक बोट लावून पुढे जात, जणू काही केलंच नाही. मी डुले, सावरे आणि ओरडे, "अप्पा!" ते दुकानातून म्हणत, "तराजू बघायलोय गं, काटा ठिकाणावर हाय का!" पहिल्या चुकीचं त्यांना किती लागलं होतं ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. पण जिंतूरच्या बाजाराला जाताना, पिकाच्या घाईत, लग्नसराईत, कधीही निघण्याआधी मागे येऊन बोट लावल्याशिवाय तो माणूस उंबरा ओलांडत नसे. नागा नाही म्हणजे नाही.

कधीतरी एका दुपारी मी शेंगा खात होते, आणि ओच्यातल्या संपल्या. आणखी मागायला म्हणून मी मान वर केली तर आई माझ्याकडे बघत होती आणि तिचे हात माझ्याजवळ नव्हते. ती पलीकडे भाजी निवडत बसली होती. किती वेळापासून, कुणास ठाऊक. कळल्याबरोबर मी पडले. पण आई हसली. मी बारदानावर पडल्या पडल्या तिच्याकडे बघत होते आणि ती हसतच होती. त्या खोलीत तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

पुढच्या खेपेला स्वामी आले तेव्हा आईने विचारलं नाही, सांगितलं. पोरीची दीक्षा करायची. स्वामींनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. "लिंग पडलं तर, बाई?" ते म्हणाले. रागाने नाही, काळजीने म्हणाले. आई म्हणाली, "न्हाई पडणार." हे तिने कशाच्या जोरावर म्हटलं ते मला आजही माहीत नाही. मी अजूनही दिवसातून कितीतरी वेळा पडत होते.

घोंगडीवर मला बसवलं. पोत्याच्या मानाने जमीन फार भली वाटली, हलत नव्हती बिचारी. सगळे जमले होते, ती ओल्या तळहाताची चुलत बहीणसुद्धा. मी डावा हात उचलला, छातीसमोर आणला. स्वामींनी मंत्र म्हटला, माझ्या कानात सांगायचं ते सांगितलं, आणि लिंग माझ्या तळहातावर ठेवलं. केवढंसं ते. मला ते तांब्याभर जड लागलं. मी पाणी घातलं. भस्म लावलं. बेलाचं पान उचलायला उजवीकडे वळले आणि कंबर सुटली. मी कलायला लागले. कुणीतरी "अगं अगं" म्हणालं. उजवा हात जमिनीकडे निघाला होता, टेकला असता तर वाचले असते, पण धक्क्याने डाव्या हातावरचं लिंग गेलं असतं. मी हात टेकला नाही. मागच्या त्या सगळ्या पडण्यातून अंगाला जे काही कळलं होतं, त्यावर सोडून दिलं. पोटातून काहीतरी घट्ट झालं, आणि मी परत मध्ये आले. पान वाहिलं. स्वामी म्हणाले, "शिव शिव." अप्पा उठून दुकानात निघून गेले. ते तिथे रडले, असं गिऱ्हाइकांकडून कळलं.

मी पुढे काठी घेऊन चालले, अजून चालते, डुलत डुलत. पळाले कधीच नाही, आणि त्याची खंत नाही असं म्हटलं तर ती आणखी एक थाप होईल. पण बसते मी झकास. ताठ. आणि बसता आलं म्हणून शिकता आलं, दुकानाच्या गादीवर बसता आलं, चार माणसांत मान वर करून बोलता आलं. माझ्या वाट्याला फार चांगली माणसं आली, याचं ऋण मी रोज सकाळी मानते.

दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईची पूजा झाली आणि सवयीने तिचा हात माझ्या गळ्याकडे आला. मी म्हणाले, "माझं मी करते." मी लिंग काढलं, तळहातावर घेतलं आणि त्याच्याकडे पाहत बसले. तिने आपला हात मागे घेतला नाही. माझ्या तळहाताखाली, बोटभर अंतर ठेवून, उघडा धरून ठेवला. माझी पूजा संपेपर्यंत तसाच. घाई करायची नाही असं मी ठरवलं होतं, आणि मी मुळीच घाई केली नाही. पूजा झाली, लिंग गळ्यात गेलं, तरी तो हात तिथेच होता.

"आई," मी म्हणाले, "हात खाली घे आता."